टिश्यू ताणतं ते पाणी, डोप नव्हे

बाल्सा लाकडाच्या हलक्या मॉडेल विमानांचा सांगाडा टिश्यूने, म्हणजे पातळ कागदाने मढवतात आणि त्यावर डोप नावाचं उग्र वासाचं, वार्निशासारखं द्रावण लावतात. त्याबद्दल एक सल्ला सतत फिरत असतो: “टिश्यू ताठ करायचा तर डोपच हवा. पाण्यातलं काही लावलं की सांगाड्याला पीळ पडतो, वजनही वाढतं. वासाचं म्हणाल तर खिडकी उघडली की झालं.” यातलं पीळ पडण्याचं भय तेवढं खरं आहे, पण त्याचं कारण चुकीचं सांगितलं जातं. बाकीचं टिकत नाही, आणि शेवटचं वाक्य तर धोक्याचं आहे.

“टिश्यू डोपनेच ताणला जातो.” ताणण्याचं बहुतेक काम साधं पाणी करतं. ओले झालेले तंतू फुगतात आणि वाळताना आकसून एकमेकांना ओढून घेतात. डोप म्हणजे विद्रावकात (टोल्यून, अ‍ॅसिटोनसारख्या द्रवात) विरघळवलेलं सेल्युलोजचं संयुग. तो छिद्रं बुजवतो आणि स्वतः आकसून थोडा ताण वाढवतो. ताणणं आणि बुजवणं ही दोन कामं वेगळी केली की विद्रावकाची गरजच उरत नाही. छिद्रं बुजवायला एक भाग पांढरा पीव्हीए गोंद आणि चार भाग पाणी हे मिश्रण पुरतं. पाण्यावर आधारलेला बिनवासाचा तयार डोपही मिळतो.

“पाण्याने पीळ पडतो.” पडतो, पण एकच बाजू ओली केली तर. पंखाची वरची बाजू मढवून लगेच फवारा मारला की ती आकसते, खालून विरोध करायला काहीच नसतं आणि टोक खालचा सपाट लाकडी पाट सोडून वर उचललं जातं. म्हणून आधी दोन्ही बाजू मढवाव्यात. टिश्यूची रेषा, म्हणजे तंतूंची दिशा, पंखाच्या लांबीत ठेवावी. कागद रेषेच्या आडवा जास्त आकसतो. गोंदकांडी फक्त बाहेरच्या कडांना लावावी, प्रत्येक फासळीला (पंखाला आकार देणाऱ्या आतल्या आडव्या पट्टीला) नाही. पंखाची खालची बाजू आत वळलेली असेल तर मात्र तिथे फासळ्यांनाही चिकटवावं लागतं, नाहीतर ताण बसताच टिश्यू सरळ होऊन फासळ्यांपासून सुटतो. मग दोन्ही बाजूंना बारीक तुषार मारावा. थेंब ओघळले तर गोंदकांडी विरघळून कडा सुटतात. पंख लगेच पाटावर टाचण्यांनी बसवावा, खाली ३ मिमीच्या पट्ट्या ठेवाव्यात म्हणजे तळालाही हवा लागते, आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नये. टोकाकडची मागची कड मुद्दाम २ मिमी उचललेली हवी असेल तर ती याच वेळी आधार देऊन बसवावी. गोंदाच्या मिश्रणाने टिश्यू पुन्हा ओला होतो, म्हणून ते लावल्यावरही पंख असाच टाचून ठेवायचा. ब्रश मऊ आणि रुंद घ्यावा, एका जागी दोनदा फिरवू नये.

१.५ मिमी काड्यांच्या शेपटीला एवढाही ताण झेपत नाही. तिच्यासाठी टिश्यू आधीच आकसवून घ्यावा: पुठ्ठ्याच्या चौकटीवर कडा चिकटवून फवारा मारावा, वाळू द्यावा, पुन्हा एकदा तेच करावं आणि मग तो कोरडाच शेपटीवर चिकटवावा. त्यावर परत पाणी मारू नये. डोपच्या बाबतीत हा मार्ग अर्धाच उपयोगी पडतो, कारण विद्रावक हळूहळू बाहेर पडत राहतो आणि डोप नंतरही आकसत जातो. हे आकसणं कमी व्हावं म्हणूनच त्यात एरंडेलाचे थेंब घालण्याची पद्धत पडली.

“वजन वाढतं.” हिशेब करून पाहू. ६० सेंमी लांब, १० सेंमी रुंद पंखाच्या दोन्ही बाजू मिळून ०.१२ चौरस मीटर होतात. चौरस मीटरला १२ ग्रॅमचा टिश्यू घेतला तर तो दीड ग्रॅमच्या आत बसतो. पीव्हीएचा साधारण निम्मा भाग घन असतो, म्हणजे १:४ मिश्रणात १० टक्के. चौरस मीटरला २० ग्रॅम मिश्रण लागलं तरी वाळल्यावर पूर्ण पंखावर उरतं पाव ग्रॅम. याहून हलकं हवं असेल तर ५ मायक्रॉनची पॉलिएस्टर फिल्म चौरस मीटरला फक्त ७ ग्रॅम भरते. पाण्यात मिसळणारा, उष्णतेने चिकटणारा गोंद कडांना लावून वाळवायचा, कमी उष्णतेवर कडा बसवायच्या, मग इस्त्री थोडी वाढवून ताण द्यायचा. जास्त तापवली तर फिल्म नाजूक सांगाडा सहज वाकवते, म्हणून आधी टाकाऊ चौकटीवर अंदाज घ्यावा. फिल्मने पंखाला पीळ-विरोधी ताठपणा मात्र टिश्यूइतका मिळत नाही.

“खिडकी उघडली की झालं.” टोल्यून, अ‍ॅसिटोन, ब्यूटिल अ‍ॅसिटेट या सगळ्यांच्या वाफा हवेपेक्षा जड असतात. त्या टेबलावरून खाली उतरून जमिनीलगत साठतात आणि एखादी ठिणगी पेट घ्यायला पुरते. नाक थोड्या वेळात वासाला सरावतं, त्यामुळे वास गेला म्हणजे वाफ गेली असं धरता येत नाही. धुळीचा मास्क या वाफा अडवत नाही. त्यासाठी सेंद्रिय वाफा शोषणारं कार्बनचं काडतूस बसवलेला मास्क लागतो. टोल्यूनचा परिणाम मज्जासंस्थेवर होतो, म्हणून मुलं बसतात त्या खोलीत डोप उघडूच नये. “मग डब्यातला अ‍ॅक्रिलिक स्प्रे वापरा” असंही सांगतात, पण त्यातही विद्रावकच असतो, वर तो बारीक तुषार होऊन थेट श्वासात जातो.

डोपच्या बाजूने एक गोष्ट खरी आहे. पीव्हीए जलरोधक नाही, त्यामुळे दमट हवेत टिश्यू सैल पडतो आणि कोरड्या हवेत पुन्हा ताणला जातो. दवात उडवायचं असेल तर फिल्म घ्यावी, किंवा फिल्मवर टिश्यू चढवावा. रबराच्या पट्टीच्या पिळावर उडणाऱ्या आणि छोट्या विजेच्या मोटरच्या विमानांना पीव्हीए पुरतं. मिथेनॉलच्या इंजिनासाठी ते वापरू नये. तिथे इंधन सोसणारी इस्त्रीची फिल्मच लावावी.