कान सुटा मिळत नाही

ट्रक मागे घेताना मागे उभा राहून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणणाऱ्या माणसावर किती भरवसा ठेवायचा, हे अनुभवाने कळतं. माझा मेहुणा हे शब्द इतक्या मायेने म्हणतो, की गाडीलाही मागे जावंसं वाटतं. त्या दिवशी ती गेली. खाड्‌ असा आवाज आला आणि मग तो म्हणाला, "बास."

खांबाला काहीही झालं नव्हतं. ट्रकच्या डाव्या टेल लाइटची लाल काचही शाबूत होती. (ती काच नसते, ॲक्रिलिक असतं. पण सगळे काचच म्हणतात, आपणही म्हणू.) मोडला होता तो तिच्यामागच्या काळ्या डब्याचा एक कान. काचेचे चार स्क्रू ज्या चार कानांत बसतात, त्यातला खालचा डावा. एवढासा, करंगळीच्या नखाएवढा.

"तीन आहेत की दाजी," मेहुणा म्हणाला.

मलाही ते पटलं होतं. आठवड्याभरात पटेनासं झालं. चौथा स्क्रू नसल्यामुळे काच प्रत्येक खड्ड्यात टाळ वाजवू लागली, फटीतून पाणी आत शिरलं, होल्डरला गंज चढला आणि अर्थिंग गेलं. अर्थिंग गेलेल्या दिव्याचं डोकं फिरतं. करंटला परत जायची वाट मिळत नाही, मग तो दुसऱ्या दिव्याच्या तारेतून जातो. मी ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद उजळायचा. म्हणजे मी थांबतोय हे मागच्याला कळायचं नाहीच, उलट मी वळतोय अशी त्याची समजूत व्हायची.

कान आणायला गेलो. काउंटरवरचा माणूस माझ्याकडे बघत राहिला. "कान सुटा मिळत नाही. अख्खी लाइट घ्यावी लागेल." नखासाठी हात बदलायचा, असा तो हिशोब. मी ताठ मानेने बाहेर पडलो आणि घरी जाहीर केलं, की मी स्वतः दुरुस्त करणार. घरातून काहीच प्रतिक्रिया आली नाही. ते लक्षण चांगलं नव्हतं.

सुरुवात सुपरग्लूने केली. या पदार्थाचा इतिहास मला फार आवडतो. 1942 साली हॅरी कूव्हर हा अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ आणि त्याचे सहकारी बंदुकीच्या नेमदर्शकासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होते. त्यात हे रसायन हाती लागलं आणि त्यांनी ते बाजूला सारलं. का, तर ते दिसेल त्याला चिकटतं म्हणून! मीही तेच केलं असतं, पण बाजूला सारायला हात मोकळा लागतो. माझा अंगठा आणि तर्जनी एकमेकांना चिकटले होते, आणि त्या दोघांच्या मध्ये कान होता.

बायकोने काही न बोलता नेलपॉलिश रिमूव्हरची बाटली आणून ठेवली. बोटं सुटली. कान पडला तो तीन तुकडे होऊन, आणि त्यातला एक तुकडा आजतागायत सापडलेला नाही. उरलेले दोन चिकटवून बसवले, तर पहिल्याच गतिरोधकावर टक्‌ झालं. सुपरग्लू ओढ सहन करतो, हादरे नाही. ट्रकच्या मागच्या टोकाला हादऱ्यांशिवाय असतं काय?

पण त्या झटापटीत रिमूव्हरचे दोन थेंब सांडले होते. एक काळ्या डब्यावर पडला आणि तिथलं प्लॅस्टिक मऊ, चिकट झालं. दुसरा लाल काचेवर पडला आणि तिथे पांढुरका डाग आणि बारीक तड्यांचं जाळं उमटलं. दुसऱ्या थेंबाबद्दल मी घरात बोललो नाही. पहिल्यामुळे मात्र मी डबा उलटा करून बघितला. आतल्या बाजूला दोन टोकदार कंसांत इवलीशी अक्षरं होती: एबीएस. प्लॅस्टिकची जात! हे आधी वाचायचं असतं. 'पीपी' असतं तर पॉलिप्रॉपिलीन, त्याला ना रिमूव्हरमधलं ॲसिटोन विरघळवत, ना साधा गोंद धरत. एबीएस मात्र ॲसिटोनमध्ये विरघळतं, आणि ॲसिटोन उडून गेलं की पुन्हा घट्ट होतं. म्हणजे चिकटवायचं नाहीच, कान नव्याने घडवायचा!

त्यासाठी जास्तीचं एबीएस हवं होतं. लेगोच्या खेळण्यातल्या विटा 1963 पासून एबीएसच्या बनतात, ही माहिती मला त्या रात्री ठाऊक नसती तर बरं झालं असतं. मुलगा झोपला होता. आठ टिकल्यांची एक लाल वीट मी उचलली.

तुकडे करून पातळ प्लॅस्टिकच्या पेल्यात टाकले, वर शुद्ध ॲसिटोन ओतलं. आधी पेल्याचा तळ विरघळला, मग फरशीवर लाल तळं झालं. (काचेची बरणी घ्या.) दुसऱ्या खेपेला लाल, दाट लगदा जमला. मेहुणा कुतूहलाने जवळ आला, तोंडात बिडी, हातात काडेपेटी. त्याला मी ज्या आवाजात बाहेर काढलं, त्या आवाजात खांबाच्या वेळी त्याने मला थांबवायला हवं होतं.

काच जागेवर धरून लगदा थापला, ओला असतानाच त्यात स्क्रू पिळला, म्हणजे आटे आपोआप पडतील. स्क्रूला आधी ग्रीस लावायचं असतं, हे मला स्क्रू आत गेल्यावर आठवलं. उरलेला लगदा वाया कशाला घालवायचा म्हणून स्क्रूच्या डोक्यावरूनही फासला. खाली एक बारीक भोक दिसलं, तेही बुजवून टाकलं.

ते आत साचलेलं पाणी बाहेर जाण्यासाठी असतं. पहिल्या पावसानंतर टेल लाइटमध्ये बोटभर पाणी डुलत होतं. मुलगा म्हणाला, "बाबा, यात मासा सोडायचा?" मग त्याची नजर लाल कानावर गेली, आणि तो बराच वेळ काही बोलला नाही.

भोक पुन्हा पाडलं. कान मात्र हलला नाही. खड्डे, नाले, उतार, काहीही येवो, तो ढिम्म. मी येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून दाखवायचो.

चार महिन्यांनी बल्बची ब्रेकची तार गेली. एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात, 5 वॉटची टेलची आणि 21 वॉटची ब्रेकची. बल्ब बदलायचा तर काच काढावी लागते. तीन स्क्रू निमूट निघाले. चौथ्याला खाचच उरली नव्हती. मी पेचकस टोचला, पकड लावली, शेवटी पाना घालून काच उचकटली.

कट्‌.

लाल कान जागच्या जागी होता. त्याच्या वरचा, कंपनीने बसवलेला काळा कान मात्र मोडून खाली पडला होता.

मेहुण्याने तो उचलून उन्हात धरला, उलटसुलट पाहिला आणि माझ्या मुलाच्या खोलीच्या खिडकीकडे नजर टाकत हळूच विचारलं, "दाजी, त्याच्याकडे काळी वीट असेल का?"