एनपीएसचा पैसा बुडाला? आधी हिशेबाची चिठ्ठी काढा

गेले काही दिवस शिक्षकांच्या ग्रुपांवर एनपीएसबद्दल, म्हणजे दरमहा पगारातून कापून पेन्शनसाठी पैसा जमवणाऱ्या राष्ट्रीय पेन्शन योजनेबद्दल, एक संदेश फिरतोय. अमळनेर, चोपडा, साक्री, नवापूर, सगळीकडून तोच येतो: "एनपीएसचा सगळा पैसा शेअर बाजारात लावलाय. खासगी कंपन्या कमिशन खाताहेत. कंपनी बुडाली की पैसा बुडाला. बघणारं कुणी नाही. निवृत्तीला ४० टक्के रक्कम सरकार जप्त करणार. पुढे पाठवा."

काल मधल्या सुट्टीत आमच्याकडे नुकत्याच लागलेल्या एका तरुण शिक्षकाने मोबाइल माझ्यापुढे धरला. "सर, आपला पैसा बुडना का?" त्याचा चेहरा बघून मी डबा बाजूला सारला. मी स्वतः जुन्या पेन्शनच्या मागणीसाठी मार्च २०२३ च्या संपात होतो, आजही माझी मागणी तीच आहे. पण खोट्या गोष्टी पसरवून ती मागणी बळकट होत नाही.

सगळा पैसा शेअर बाजारात, हे खरं नाही. सरकारी कर्मचाऱ्यांच्या ठरलेल्या योजनेत शेअरची कमाल मर्यादा कित्येक वर्षे १५ टक्के राहिली. मोठा हिस्सा सरकारी रोख्यांत आणि कंपन्यांच्या कर्जरोख्यांत जातो. मार्च २०२० आठवा. जानेवारीत ४२ हजारांजवळ असलेला सेन्सेक्स २३ मार्चला २६ हजारांच्या खाली बंद झाला. दहा लाखांतले दीड लाख शेअरमध्ये धरले, तर त्या पडझडीत साधारण ५७ हजारांचा खड्डा पडतो. खड्डा लहान नाही, पण उरलेले साडेआठ लाख त्या दिवशी शेअर बाजारात नव्हतेच. आणि पुढे बाजार वर आला.

खासगी कंपन्या म्हणाल, तर ठरलेल्या योजनेतला पैसा एसबीआय, एलआयसी आणि यूटीआय यांच्या पेन्शन फंडांत विभागला जातो. त्यांचं शुल्क वर्षाला जास्तीत जास्त ०.०९ टक्के, म्हणजे दहा लाखांवर ९०० रुपये. निधी जितका मोठा, तितका दर ०.०३ टक्क्यांपर्यंत उतरतो.

फंड कंपनी बुडाली तर? वखारीत आपण हरभऱ्याची पोती ठेवतो, म्हणून वखारवाला त्यांचा मालक होत नाही. इथेही रोखे आणि शेअर एनपीएस ट्रस्टच्या नावावर असतात, ते सांभाळायला कस्टोडियन म्हणून वेगळी संस्था असते. फंड कंपनी फक्त कुठे गुंतवायचं ते ठरवते. मात्र ज्याला कर्ज दिलं तोच बुडाला तर नुकसान होतं. २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही पायाभूत प्रकल्पांना कर्ज देणारी वित्त कंपनी कोसळली तेव्हा पेन्शन फंडांचे पैसेही त्यात अडकले. काही आठवडे आधीपर्यंत तिच्या रोख्यांना सर्वोच्च पतदर्जा होता. हा प्रश्न संदेशात हवा होता, तो नाही.

बघणारं कुणी नाही, हेही चूक. २०१३ च्या कायद्याने पीएफआरडीएला, म्हणजे पेन्शन निधीवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाला, अधिकार मिळाले. एनएव्ही, म्हणजे फंडाच्या एका युनिटचं मूल्य, रोज जाहीर होते. पण इथे माझी खरी तक्रार आहे. कर्मचारी भविष्य निर्वाह निधीच्या (ईपीएफ) केंद्रीय विश्वस्त मंडळावर कर्मचाऱ्यांचे दहा प्रतिनिधी बसतात. एनपीएस ट्रस्टचे विश्वस्त पीएफआरडीए नेमते. आमच्यासाठी कायद्यात एक सल्लागार समिती आहे, आणि सल्ला ऐकायचा की नाही ते वरचे ठरवणार. पैसा आपला, टेबलावर खुर्ची नाही. संघटनांनी यावर आवाज उठवावा.

४० टक्के जप्त होत नाहीत. त्यातून विमा कंपनीची वार्षिकी, म्हणजे ठरलेली रक्कम नियमित देणारी योजना, घ्यावी लागते, आणि मूळ रक्कम वारसाला परत मिळण्याचा पर्यायही असतो. दुखणं वेगळं आहे. समजा ४० लाख जमले, त्यातल्या १६ लाखांवर साडेसहा टक्के दर मिळाला, तर महिन्याला साधारण ८,७०० रुपये हातात येतील. त्यावर महागाई भत्ता नाही. वीस वर्षांनी त्या पैशात काय येणार? जुन्या पेन्शनसाठी लढायचं ते या कारणासाठी.

आणि ज्या गोष्टीचा संदेशात उल्लेखच नाही, ती सगळ्यांत जवळची. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांचे आधी डीसीपीएसचे, म्हणजे एनपीएसच्या आधीच्या राज्याच्या अंशदायी पेन्शन योजनेचे, हप्ते कापले गेले. अनेकांचे ते हप्ते वर्षानुवर्षे बाजारात गेलेच नाहीत, राज्याच्या खात्यावरच राहिले. माझ्या हिशेबाच्या चिठ्ठीत एका वर्षी जून आणि जुलै कोरे होते. पगारपत्रकावर कपात होती, खात्यात जमा नाही. कार्यालयात विचारलं तर "वर पाठवलंय" एवढंच. पगारपत्रकांच्या झेरॉक्स जोडून तीन अर्ज दिले, अकरा महिन्यांनी रक्कम दिसली. त्या अकरा महिन्यांचा परतावा कुणी दिला नाही. त्यात सेन्सेक्सचा काय दोष?

म्हणून काल त्या पोराला म्हटलं, आधी तुझा प्रान नंबर, म्हणजे एनपीएस खात्याचा क्रमांक, टाक, खातं उघड. त्याची पगारपत्रकं आणि खात्यातल्या नोंदी आम्ही ओळीने लावून पाहिल्या. घंटा झाली तेव्हा आम्ही नोव्हेंबरपर्यंत आलो होतो, आणि ऑक्टोबरची जमा सापडत नव्हती. आज तो अर्ज घेऊन तालुक्याला गेलाय.