घट्ट ब्रामुळे कॅन्सर? नाही

बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून एक मेसेज फिरतो : घट्ट किंवा तारेची ब्रा लसिकेचा (लिम्फ, म्हणजे ऊतींमधून वाहणारा पातळ द्रव) प्रवाह अडवते, स्तनात विष साठतं आणि कॅन्सर होतो. ब्रा काढून झोपणं बरं वाटत असेल तर जरूर काढा. पण त्यासाठी कॅन्सरची भीती घालणं चूक आहे.

'प्रवाह अडतो.' लसिकावाहिन्या स्वतः आकुंचन पावतात आणि आतल्या झडपांमुळे द्रव एकाच दिशेने, मुख्यतः काखेतल्या लसिकाग्रंथींकडे सरकतो. बेताचा बाहेरचा दाब त्याला मदतच करतो. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर हात सुजला तर दाब देणारी बाही घालायला सांगतात, ती याचसाठी.

'विष साठतं.' कोणतं विष, हे मेसेजमध्ये नसतंच.

'ब्रा न घालणाऱ्या समाजांत हा कॅन्सर कमी.' अशा अनेक समाजांत मुलं लवकर आणि जास्त होतात, अंगावर दीर्घकाळ पाजलं जातं. धोका त्याने कमी होतो. सिएटलमधल्या संशोधकांनी 2014 साली थेट तुलना केली : पाळी थांबलेल्या, कॅन्सर झालेल्या 1,044 आणि न झालेल्या 469 स्त्रिया. तार, कपचा आकार, रोजचे तास, वापर सुरू केल्याचं वय, कशाचाच संबंध आढळला नाही.

'पेशींना दाब कळतो, हे विज्ञानच सांगतं.' हे अगदी खरं आहे, आणि खरी गल्लत इथेच होते. दूधग्रंथीच्या पेशी भोवतालची ऊती किती ताठर आहे हे सतत चाचपत असतात. प्रयोगशाळेत मऊ जेलमध्ये वाढवल्या तर त्या सुबक पोकळ गोळे बनवतात. जेल कडक केलं की ती रचना बिघडते आणि पेशी कॅन्सरच्या पेशींसारख्या वागू लागतात. शरीरात हा ताठरपणा आतून येतो, कोलॅजन या प्रथिनाचे तंतू दाट होऊन. ब्राचं इलॅस्टिक कोलॅजन बदलत नाही. उलट 2012 साली अमेरिकेतल्या बर्कलेच्या विद्यापीठात जेलमधल्या कॅन्सरपेशी दाबल्यावर त्यांतल्या काहींची वाढ पुन्हा शिस्तीत आली. तो प्रयोगशाळेतला निष्कर्ष आहे. स्तन दाबून कॅन्सर बरा होतो, असा नवा मेसेज त्यावरून कुणी काढू नये.

आतला हा ताठरपणा बोटांना लागतो. मुंबईत टाटा मेमोरियलच्या दीर्घ अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली, तेव्हा पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी घटले.

घट्ट ब्राचा एक त्रास मात्र खरा आहे. अंगावर पाजणाऱ्या आईच्या दूधवाहिन्या दबून दूध तुंबू शकतं. स्तन लाल, गरम झाला, ताप आला, तर पाजणं थांबवू नका आणि डॉक्टरांना लगेच दाखवा.