'अभ्यासू वाचक' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर : गादी आयती नव्हती

मक्केच्या शरीफांवरच्या, म्हणजे पैगंबरांच्या वंशातल्या तिथल्या सत्ताधीशांवरच्या, माझ्या लेखाखाली 'अभ्यासू वाचक' या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी शरीफांना पवित्र शहरांचे राखणदार म्हटलं ते चूक. पैगंबरांच्या वंशात जन्मले म्हणून आयती गादी मिळाली आणि तिच्यावर बसून त्यांनी यात्रेकरूंना लुबाडलं. त्यांना राखणदार म्हणायचं तर पंढरपूरच्या बडव्यांनाही म्हणा. सौदी राजाच्या किताबाचं साल चुकलंय. सौदींनी आणलेल्या शिस्तीबद्दल लेखात अवाक्षर नाही. आणि समारोप असा : 'विकिपीडियाची चार पानं चाळून लेख पाडण्याआधी थोडा अभ्यास करावा.'

चूक आहे ती आधी कबूल करतो. राजे फहद यांनी 'महाराज' हे संबोधन टाकून 'दोन पवित्र मशिदींचा सेवक' हा किताब घेतला तो १९८६ मध्ये. मी १९८२ लिहिलं होतं. ते त्यांच्या राज्यारोहणाचं साल. दुरुस्ती केली आहे, आभार. मात्र हा किताब फहद यांनी शोधून काढलेला नाही. आधी इजिप्तचे मामलुक सुलतान तो लावत, १५१७ मध्ये सलीमने इजिप्त घेतल्यावर इस्तंबूलचे उस्मानी (ऑटोमन तुर्क) सुलतान लावू लागले. एवढ्या अभ्यासू प्रतिक्रियेत हे कुठे दिसलं नाही.

मतभेदाबद्दल माझी तक्रार नाही. पण 'लेख पाडणे' हा शब्दप्रयोग कोणी कोणासाठी वापरावा? हिजाझच्या, म्हणजे मक्का-मदिनेच्या मुलखाच्या, इतिहासावर हाताला लागेल ते मी गेली वीस वर्षं वाचतोय आणि त्यात विकिपीडियाही आहे, त्याची लाज वाटायचं कारण नाही. टोपणनावाआड बसून दुसऱ्याचा अभ्यास काढणं सोपं असतं. असो.

आता 'आयती गादी'. सगळी मेख या दोन शब्दांत आहे, म्हणून त्यांना जरा वेळ देतो.

मक्केत पैगंबरांचा नातू हसन याच्या वंशजांची सत्ता दहाव्या शतकात सुरू झाली. १२०१ च्या सुमारास यान्बू बंदराकडून कतादा बिन इद्रिस आला, त्याने शहर घेतलं आणि त्याच्याच वंशात ही गादी १९२५ पर्यंत राहिली. इथपर्यंत वंश खराच. पण थोरल्या मुलाला गादी असा नियम तिथे कधीच नव्हता. भाऊ, पुतणे, चुलतभाऊ सगळेच सारख्या हक्काचे. आखाड्यात उतरायची परवानगी वंशाने मिळायची, कुस्ती मात्र ज्याची त्यालाच मारावी लागायची. उस्मानी काळातली रीत बघा. आधी इतर शरीफ घराण्यांना आपल्याकडे वळवायचं. मग भोवतालच्या बेदुईन, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या, टोळ्या. मग इस्तंबूलची मंजुरी. ती मिळाली की सुलतानाचं फर्मान यायचं, ते सगळ्यांदेखत हरममध्ये, म्हणजे काबाभोवतीच्या मशिदीत, वाचलं जायचं आणि नव्या शरीफाच्या अंगावर मानाचा झगा, खिलत, चढायची. यातली एक पायरी निसटली तरी गडी बाद. गालिब नावाच्या शरीफाला इजिप्तचा सत्ताधीश मुहम्मद अली पाशाने १८१३ मध्ये पकडून सलोनिकाला धाडलं, तो तिकडेच वारला. १८२७ मध्ये त्याच पाशाने शरीफांच्या वंशातली जैद शाखा बाजूला सारून औन शाखेचा माणूस बसवला. स्पर्धेतले भाऊबंद इस्तंबूलमध्ये बसवून ठेवायचे, म्हणजे इकडचा वाकडा चालला की तिकडचा तयार. १९०८ मध्ये नेमलेला शरीफ हुसेन त्याआधी पंधरा वर्षं असाच तिथे होता. १९१६ मध्ये त्याने उस्मान्यांविरुद्ध बंड केलं तेव्हा उस्मान्यांनी जैद शाखेतल्या अली हैदरला शरीफ म्हणून जाहीर केलं. वंश तोच, फर्मान पक्कं. गृहस्थ मदिनेपर्यंत पोचले, मक्केचं तोंड काही दिसलं नाही.

आणि गादी मिळाल्यावर काम काय? मक्का म्हणजे उघडं, खडकाळ खोरं. शेती नाही. तिथे माणसं राहतात ती बाहेरून आलेल्या धान्यावर, आणि ते यायचं इजिप्तमधून. मक्का-मदिनेच्या नावाने तिथली गावंच्या गावं वक्फ, म्हणजे धर्मादाय, केलेली होती. त्यातल्या एका मोठ्या वक्फाचं नाव दशीशा, म्हणजे सरळ भरडलेल्या गव्हाची खीर. गहू नाईलवरून कैरोला, तिथून उंटांवर सुएझला, सुएझहून जहाजाने मक्केसाठी जेद्दाला आणि मदिनेसाठी यान्बूला, मग पुन्हा उंट. नाईलला पूर कमी आला की पीक कमी, सुएझला जहाजं कमी पडली की धान्य गोदामात पडून. शिवाय कोणाला किती धान्य याच्या सनदा असत आणि त्या विकल्या जात. त्यामुळे हरममधल्या फकिराच्या नावचा वाटा एखाद्या सधन माणसाच्या कोठारात जायचा. या साखळीत बोंब झाली की शहराचा रोष पहिल्यांदा शरीफाच्या दारात.

पैसा यायचा जेद्दाच्या जकातीतून. उस्मानी काळात तिचा निम्मा वाटा शरीफाचा. जेद्दाच का, हे वाऱ्याला विचारा. हिंदुस्थानातून ईशान्येचे वारे धरून निघालेली गलबतं हिवाळ्यात तांबड्या समुद्राच्या दक्षिण भागात वारा पाठीशी घेऊन वर सरकत. जेद्दाच्या आसपास तो वारा संपतो. पुढे वर्षभर बहुतेक उत्तरेचाच वारा, थेट नाकावर. म्हणून सुरतेचा माल जेद्दाला उतरायचा आणि जकात तिथेच लागायची. गोची अशी, की गलबतं चालतात ऋतूंवर आणि हज चालते चांद्र पंचांगावर, दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकत. मग काही वर्षी यात्रेकरू हजच्या तोंडावर पोचत आणि काही वर्षी हज उरकल्यावर. अशांनी दहा-अकरा महिने मक्केत काढायचे. तितकी जादा तोंडं, धान्य तेवढंच, भाव वर. हे सगळं ज्याच्या अंगावर येतं त्याला 'आयती गादी' मिळाली म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

बेदुईन टोळ्यांचा हिशेब तर याहून अवघड. वाटेवरच्या टोळ्यांना दरसाल ठरलेली रक्कम पोचवायची. मोबदल्यात विहिरी खुल्या आणि काफिल्याला वाट. ही खंडणी नव्हे, उंट आणि पाणी त्यांचं होतं. रक्कम चुकली की काय होतं ते १७५७ मध्ये दिसलं. बनी सख्र टोळीने हजहून परतणाऱ्या दमास्कसच्या यात्रेकरू काफिल्याला रसद घेऊन येणारी तुकडी आधी कापली, मग खुद्द काफिला. हजारो माणसं मेली, बरीचशी तलवारीने नव्हे तर तहानेने. तो रस्ता शरीफाचा नव्हता, दमास्कसच्या पाशाचा होता, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर तुमची दुसरी प्रतिक्रिया येईल. पण हिजाझच्या वाटांवरही हिशेब हाच.

लुबाडलं का? लुबाडलंच. मूळ लेखात मी शरीफ औन अर्-रफीकचं (१८८२ ते १९०५) नाव घेऊन लिहिलं आहे. कोणत्या देशाचे यात्रेकरू कोणत्या मुतव्विफाच्या, म्हणजे तिथल्या वाटाड्याच्या, वाट्याला यायचे याचे हक्क त्याने विकले आणि मुतव्विफांनी ती रक्कम यात्रेकरूंकडून वसूल केली. हिंदुस्थानातून गरिबांसाठी पाठवलेला पैसा शरीफ स्वतःच ठेवून घेतो, अशी तक्रार औरंगजेबाचीही होती. तो परिच्छेद तुम्ही वाचलेला दिसत नाही. राखणदार म्हणजे सज्जन असं मी कुठेही म्हटलेलं नाही. राखण हे काम आहे, ते करणारा चोरही असू शकतो.

बडव्यांची उपमा टाळ्या घेणारी आहे, पण चुकीच्या माणसाला चिकटवली आहे. मक्केत वंशपरंपरेने देवाच्या दाराशी बसणारं घराणं शरीफांचं नाही, ते बनू शैबा. काबाची किल्ली पैगंबरांच्या काळापासून त्यांच्याकडे. शरीफ आले, उस्मानी आले, सौदी आले. किल्ली आजही शैबी कुटुंबातल्या ज्येष्ठाकडे असते. तुलना करायचीच तर त्यांच्याशी करा. आणि मग शरीफ कोण, हा प्रश्न तुमचा तुम्हालाच पडेल.

सौदींच्या शिस्तीचा मुद्दा. लेख शरीफांवर होता. सौदींवर वेगळा लिहीन.

हुसेनबद्दल मात्र एक सांगायलाच हवं, कारण वंशावर सगळं चालत असतं तर त्याची गादी शाबूत राहिली असती. बंड चाललं ब्रिटिश सोन्यावर आणि ते सोनं टोळ्यांपर्यंत जात होतं. महायुद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी तनखा आधी कमी केला, मग बंद. त्याने कर वाढवले, इजिप्तशी बिनसलं. मार्च १९२४ मध्ये तुर्कस्तानने खिलाफत रद्द करताच त्याने स्वतःला खलिफा जाहीर केलं. ज्यांनी त्याला मान द्यायचा त्या हिंदी मुसलमानांतले खिलाफतवाले, ज्यांची मध्यवर्ती समिती मुंबईत होती, त्याला खलिफाशी बंड करणारा फितूर मानत होते. सप्टेंबरमध्ये सौदींच्या फौजेपुढे मक्केजवळचं तायफ पडलं, ऑक्टोबरमध्ये त्याने गादी सोडली आणि मक्का गेली. मुलगा अली जेद्दात तटबंदीआड वर्षभर टिकला, डिसेंबर १९२५ मध्ये तोही जहाजात बसला.

शेवटी एक किरकोळ दुरुस्ती, तुमच्या अभ्यासासाठी. तुम्ही सरसकट 'मक्का-मदिनेचे शरीफ' लिहिलंय. मदिनेत जुने अमीर हसनचे नव्हे, त्याचा भाऊ हुसैन याचे वंशज होते. आणि तिथे पैगंबरांच्या कबरीची प्रत्यक्ष राखण बाराव्या शतकापासून खोज्यांकडे, म्हणजे खच्ची केलेल्या सेवकांकडे, होती. त्यांच्यावर तरी वारसाहक्काचा आरोप तुम्हाला करता येणार नाही.