'हरलेल्यांना देव आठवतो' असं लिहिणाऱ्या वाचकांस

नमस्कार.

'दुसऱ्याच्या ताटात बघणं' या, दुसऱ्याशी तुलना करणं सोडावं असं सांगणाऱ्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया शनिवारी रात्री वाचली. रविवारी उपासनेला बसले तरी ती मनातून जाईना, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी तुमचं बरोबर आहे ते. 'प्रत्येकाने आपापल्या कामाची परीक्षा करावी' हे बायबलमधल्या गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातलं चौथं वचन. मी पाचवं लिहिलं. चूक माझी, दुरुस्त केली आहे. पण त्यावरून 'ताईसाहेबांनी स्वतःचं शास्त्रही धड उघडलेलं दिसत नाही' असं लिहायची काय गरज होती? चूक दाखवायला एक ओळ पुरली असती. तुम्ही स्वतःला रामबागेतला जुना माणूस म्हणवता. माझ्या शाळेतल्या निम्म्या मैत्रिणी रामबागेतल्या. त्यांच्या घरी संक्रांतीला मला तिळगूळ मिळायचा, नाताळात त्या आमच्याकडे करंज्या खायच्या. तुम्ही लिहिलेला 'तुमचा देव' हा शब्द त्यांच्यापैकी कुणाच्या तोंडून मी ऐकला नाही.

आता तुमचं ते वाक्य. 'स्पर्धेत हरलेल्यांनाच तुलना नको वाटते आणि मग त्यांना देव आठवतो.'

हरले, हे खरंच आहे. 1990 आणि 1991, दोनदा पीएमटी, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षा, दिली, दोन्ही वेळा यादीत नाव नव्हतं. 1993 साली धाकटी बहीण पहिल्याच खेपेला लागली. मी बीएड करून गणित शिकवू लागले. पुढची पंधरा वर्षं मी तिच्या घरातल्या पडद्यांपासून तिच्या मुलाच्या टक्क्यांपर्यंत सगळं मोजत आले. तिच्या दवाखान्याचं उद्घाटन होतं, तेव्हा पाळकांची प्रार्थना सुरू व्हायच्या आत डोकं दुखतंय सांगून रिक्षाने घरी आले. तिला खरं कारण कळलं होतं. आजवर ती त्यावर एक शब्द बोललेली नाही.

आणि या पंधरा वर्षांत मला देव आठवत नव्हता? दर रविवारी चर्चमध्ये होते, गायनात पुढच्या रांगेत उभी राहत होते. हरलेही होते, देवही आठवत होता, आणि तुलना तसूभरही सुटली नव्हती. तुमचं सूत्र मलाच लागू पडत नाही, तर कुणाला पडणार?

शिवाय तुलना हरलेल्यालाच छळते, हे कुठून आणलंत? बायबलमधला शौल गादीवर बसलेला राजा होता. पलिष्ट्यांवर विजय मिळवून परतताना बायकांनी त्याला हजारो शत्रू मारल्याचं श्रेय दिलं आणि त्याच्याच सैन्यातल्या तरुण दाविदाला दहा हजारांचं. त्या दिवसापासून त्याची नजर दाविदावरून हटली नाही. जिंकून येताना झालं हे.

मला या तुलनेतून सोडवलं योहानाच्या शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायाने. ईस्टरनंतरच्या एका रविवारी पाळकांनी तो वाचला. येशूचा शिष्य पेत्र, त्याने कोळशाच्या विस्तवापाशी प्रभूला तीनदा नाकारलं होतं. तिबिर्या समुद्राच्या काठी तसाच विस्तव पेटलेला, मासळी-भाकरी खाऊन झालेली, आणि प्रभू त्याला तीनदाच विचारतो, 'माझ्यावर प्रीती करतोस काय?' आपली मेंढरं, म्हणजे आपली माणसं, त्याच्या हवाली करतो. एवढी क्षमा पदरात पडल्यावर पेत्र काय करतो? मागे वळून दुसऱ्या शिष्याकडे, योहानाकडे बघतो आणि म्हणतो, 'प्रभूजी, ह्याचे काय?' मला चर्चमध्ये बसल्या बसल्या दवाखान्याच्या दाराला बांधलेली ती लाल फीत दिसली.

उत्तर मिळतं, 'त्याचे तुला काय? तू माझ्यामागे ये.' यात तुम्ही म्हणता तसं 'बसून राहा' कुठे आहे हो? उलट चालायला सांगितलं आहे, आणि वाटेच्या शेवटी कसलं मरण आहे तेही त्याला आधीच सांगून टाकलं आहे. याला तुम्ही 'गरिबाला दिलेली समाधानाची गोळी' म्हणता. एकदा तो अध्याय वाचा, मग म्हणा.

एका दिवसात काही झालं नाही. बहिणीचा फोन वाजला की आधी तिच्यासाठी प्रार्थना करायची आणि मग उचलायचा, असं ठरवलं. पुष्कळदा तोवर वाजून बंद व्हायचा. पुढे तिच्या मुलाचा बारावीचा निकाल लागला, तेव्हा पेढे घेऊन सगळ्यांत आधी मी पोचले होते.

बाकीचे मुद्दे. महत्त्वाकांक्षा मरते म्हणता, तर माझ्या दहावीच्या वर्गात येऊन बसा. वय झालं की तुलना आपोआप सुटते म्हणता. मला तसं वाटत नाही, आणि त्यावर वाद घालत बसणार नाही. चर्चमध्येही कुणाचा मुलगा कॅनडात हे मोजतात म्हणता. मोजतात, तिथेही माणसंच येतात.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही. पुन्हा लिहाल तर 'ताईसाहेब' न म्हणता लिहा. बहिणीने ती वाचली आणि 'उत्तर देऊ नकोस' म्हणाली. पण 'हरलेल्यांना' हा शब्द वाचला आणि पेपरातली ती 1993 ची यादी डोळ्यांसमोर आली. आम्ही दोघी ओट्यावर बसून बोट फिरवत होतो, आणि आकडा आधी मला सापडला होता. तिचा रोल नंबर मला अजून पाठ आहे.