'फक्त अर्धा टक्का तापमानवाढ': केल्विनच्या नावाखाली होणारी दिशाभूल

मार्च लागला की मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. त्याचा सारांश असा: 'खरं तापमान केल्विनमध्येच मोजतात. पृथ्वीचं सरासरी तापमान 288 केल्विन. त्यात दीड अंशाची वाढ म्हणजे जेमतेम अर्धा टक्का. मुंबईचा पारा 32 वरून 34 वर गेला तर वाढ पाऊण टक्कासुद्धा नाही. सेल्सिअस वापरून आकडा फुगवतात आणि लोकांना घाबरवतात.' यातली आकडेमोड बरोबर आहे आणि म्हणूनच भलेभले फसतात.

'खरं तापमान केल्विनच.' विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन झालेले शास्त्रज्ञ, यांनी 1848 साली तापमानाच्या निरपेक्ष मापनाची, म्हणजे शक्य तितक्या सर्वांत थंड बिंदूपासून मोजण्याची कल्पना मांडली. केल्विनचं शून्य उणे 273.15 अंश सेल्सिअसला येतं, त्याच्या खाली तापमान जाऊच शकत नाही. वायूंच्या किंवा प्रारणाच्या (उष्णता-प्रकाश बाहेर टाकण्याच्या) गणितात केल्विनच लागतं, हे मान्य. पण सेल्सिअस आणि केल्विन या दोन्हींत फरक आहे तो फक्त मोजायला सुरुवात कुठून करायची याचा. एका अंशाचं माप दोन्हीकडे सारखंच.

'सेल्सिअसमध्ये वाढ फुगते.' साफ चूक. 32 अंश म्हणजे 305.15 केल्विन, 34 अंश म्हणजे 307.15. वजाबाकी करा, दोनच येतात. पॅरिस हवामान करारातली दीड अंश तापमानवाढीची मर्यादा केल्विनमध्येही दीडच. 32 वरून 34 ही सहा टक्के वाढ, असं कुणी म्हणत असेल तर तेही चूकच, कारण शून्य अंश सेल्सिअस म्हणजे उष्णता संपली असं नव्हे.

'अर्धा टक्का म्हणजे काहीच नाही.' खरी दिशाभूल इथे आहे. 288 हा आकडा मोठा दिसतो, कारण तो अशा शून्यापासून मोजलेला आहे, जिथे जीवसृष्टीचा प्रश्नच येत नाही. आपलं अंग 37 अंश, म्हणजे 310.15 केल्विन. 40 अंश ताप म्हणजे 313.15. वाढ एक टक्काही नाही, तरी पोर तापानं फणफणलं असताना कुठलीही आई टक्के काढत बसत नाही. सांताक्रूझ वेधशाळेच्या नोंदी बघा. 22 जानेवारी 1962 ला 7.4 अंश, 14 एप्रिल 1952 ला 42.2 अंश. केल्विनमध्ये 280.55 आणि 315.35. म्हणजे हुडहुडी भरवणाऱ्या त्या पहाटेपासून अंगाची काहिली करणाऱ्या त्या दुपारपर्यंतचा सगळा पल्ला साधारण बारा टक्क्यांत मावतो! सुमारे वीस हजार वर्षांपूर्वीच्या हिमयुगात पृथ्वी आजच्यापेक्षा सहाएक अंशांनीच थंड होती. केल्विनच्या हिशेबात दोन टक्के. तेवढ्यानं उत्तर अमेरिकेवर किलोमीटरहून जाड बर्फ साचला होता आणि समुद्र शंभर मीटरहून अधिक खाली होता. शिवाय हवा एका अंशानं तापली की तिची बाष्प सामावून घ्यायची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. पावसाळ्यात तुंबणाऱ्या शहराला हा आकडा परवडणारा नाही.

'नागपूर 45 सोसतं, मग मुंबईनं 34 ला का ओरडावं?' कारण घाम वाळला तरच अंग निवतं, आणि समुद्राकाठच्या दमट हवेत तो वाळत नाही. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मैदानावर पुरस्कार सोहळ्याला भर उन्हात बसलेल्यांपैकी अनेक जण उष्माघातानं गेले. त्या दिवशी तिथे नागपूरसारखे 45 अंश नव्हते. म्हणूनच हवामान विभागाचे निकषही वेगळे आहेत: मैदानी भागात उष्णतेच्या लाटेसाठी पारा किमान 40 वर जावा लागतो, किनारपट्टीवर 37 पुरतात, मात्र तापमान नेहमीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त हवं. हे साडेचार अंश केल्विनच्या टक्केवारीत मांडले तर जेमतेम दीड टक्का भरतात.