विम्बल्डनचं रिसेल तिकीट: त्या मेसेजमधला एकेक मुद्दा

मे महिना लागला की इंग्लंडमधल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. उन्हाळ्यात आई-वडील किंवा सासू-सासरे इकडे येणार असतात, त्यांना विम्बल्डन दाखवायचं असतं, आणि मेसेज सांगतो: ‘तिकिटांच्या सोडतीत नंबर लागत नाही, तिकिटासाठीची रांग म्हाताऱ्या माणसांना झेपत नाही, दुसरा मार्गच नाही. सरळ रिसेल साइटवरून तिकीट घ्या. ब्रिटनमध्ये ते कायदेशीर आहे, नाव कुणी बघत नाही, आत सोडलं नाही तर पैसे परत मिळतात.’ पाठवणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण या सल्ल्यापायी लोकांचे पैसे बुडतात आणि आयुष्यभर मनात धरलेला एक दिवस वाया जातो, म्हणून त्यातला एकेक मुद्दा घेतो.

‘कायदेशीर आहे.’ इंग्लंडमध्ये फुटबॉलची तिकिटं परवानगीशिवाय पुन्हा विकणं १९९४च्या कायद्याने गुन्हा ठरतं. टेनिसला तो कायदा लागू नाही, इथपर्यंत मेसेज बरोबर आहे. पण विकणं गुन्हा नाही म्हणून ते तिकीट गेटवर चालेल, असं कुठे आहे? विम्बल्डन भरवणाऱ्या ऑल इंग्लंड क्लबच्या अटींनुसार सोडतीत मिळालेलं तिकीट दुसऱ्याला विकता येत नाही. विकलं की ते रद्द. तुम्ही कायदेशीरपणे एक रद्द तिकीट विकत घेता, एवढंच.

हा गैरसमज कुठून येतो तेही कळतं. न्यूयॉर्कच्या यूएस ओपनची तिकिटं अधिकृत रिसेलवर उघड मिळतात. पॅरिसला रोलाँ गॅरोसची, म्हणजे फ्रेंच ओपनची, स्वतःची पुनर्विक्रीची व्यवस्था आहे. तिथे जाऊन आलेला माणूस विम्बल्डनलाही तेच गृहीत धरतो. विम्बल्डन या बाबतीत वेगळं आहे, आणि सगळा घोळ इथेच होतो.

रीतसर विकता येणारं तिकीट विम्बल्डनमध्ये एकाच प्रकारचं असतं: डिबेंचरचं, म्हणजे क्लबच्या रोख्यांवर मिळणारं. चर्च रोडवरची आजची जागा घ्यायला आणि सेंटर कोर्ट हे मुख्य कोर्ट उभं करायला क्लबने १९२०मध्ये पहिल्यांदा हे रोखे काढले. सेंटर कोर्टचा रोखा घेणाऱ्याला पाच वर्षं, स्पर्धेच्या प्रत्येक दिवशी एक राखीव जागा मिळते, आणि त्या दिवसाचं तिकीट त्याला खुल्या बाजारात विकता येतं. २०२६ ते २०३० या काळासाठी सेंटर कोर्टच्या एका डिबेंचरची किंमत १,१६,००० पौंड ठेवली गेली. आता साधा हिशेब करा. पाच वर्षं, दर वर्षी १४ दिवस, म्हणजे ७० दिवस. एका दिवसाला साधारण १,६५० पौंड पडतात. सुरुवातीच्या दिवसांत भाव याहून खाली येतो, अंतिम सामन्याला कितीतरी वर जातो. तरी ‘सेंटर कोर्ट, दुसरा आठवडा, ३०० पौंड’ अशी जाहिरात दिसली तर ते डिबेंचर असेल यावर माझा तरी विश्वास बसणार नाही. मग ते बहुधा सोडतीतलं तिकीट असतं, किंवा मुळात कुठलंच तिकीट नसतं. म्हणून रिसेलवर काही घेण्याआधी एकच गोष्ट विचारायची: हे डिबेंचर आहे का? उत्तर स्पष्ट ‘हो’ नसेल तर घेऊ नका.

‘नाव कुणी बघत नाही.’ तिकीट आता कागदाचं राहिलेलं नाही, ते क्लबच्या ॲपमध्ये, ज्याला मिळालं त्याच्या खात्यावर असतं. गेटवर फोटो असलेलं ओळखपत्र मागितलं जाऊ शकतं. कुणाला विचारलं नाही, तो आत गेला, असं होतही असेल. पण पुण्याहून व्हिसा काढून, विमानाने आलेल्या सत्तरीच्या माणसाला घेऊन ‘बहुतेक विचारणार नाहीत’ या भरवशावर गेटवर उभं राहायचं का?

‘पैसे परत मिळतात.’ माझ्या मैत्रिणीचे सासरे सांगलीचे. १९८५मध्ये १७ वर्षांच्या बेकरने विम्बल्डन जिंकलं, तेव्हापासून त्यांना ते कोर्ट बघायचं होतं. तिने एका रिसेल साइटवरून कोर्ट नंबर एकची दोन तिकिटं घेतली. गेटवर ती चालली नाहीत. साइटने आधी प्रवेश नाकारल्याचा लेखी पुरावा मागितला, मग पुष्कळ ईमेल झाल्यावर तिकिटाची रक्कम परत दिली, तीही त्यांचं शुल्क कापून. काकांचं विमानभाडं, तिची रजा, तो दिवस याबद्दल कुठल्याच हमीत काही नव्हतं. काका परतीच्या ट्रेनमध्ये कुणाशी बोलले नाहीत, हे सांगताना तिला अजून रडू येतं.

‘दुसरा मार्गच नाही.’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. सोडतीत नंबर लागणं कठीण आहे, हे मान्य. ती म्हाडाच्या सोडतीसारखी नशिबावर आहे, फक्त इथे अर्ज फुकट असतो; दिवस आणि कोर्ट तुमच्या हातात नाही. भारतातून आई-वडीलही स्वतःच्या नावाने अर्ज करू शकतात, हे अनेकांना माहीतच नसतं. अर्ज आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत सुरू होतात, मेमध्ये जागं होऊन उपयोग नाही.

रांगेबद्दलही अर्धवटच सांगितलं जातं. सेंटर कोर्ट (शेवटचे चार दिवस सोडून), कोर्ट एक आणि कोर्ट दोन, प्रत्येकाची रोज साधारण ५०० तिकिटं रांगेतल्यांसाठी असतात. त्यासाठी रात्री विम्बल्डन पार्कात तंबू ठोकावा लागतो, ते ज्येष्ठांना सांगू नये. पण मैदान-पासासाठी, म्हणजे आत जाऊन बाहेरच्या छोट्या कोर्टांवरचे सामने बघायच्या तिकिटासाठी, रात्रभर थांबायची गरज नाही. २०२५मध्ये तो ३० पौंडांना होता, संध्याकाळी पाचनंतर त्याहून स्वस्त. साउथफिल्ड्स स्टेशनवर उतरायचं, रांग सांभाळणाऱ्यांकडून क्रमांकाचं कार्ड घ्यायचं, रांगेत बसायला घडीची खुर्ची न्यायची. आत गेल्यावर बाहेरच्या कोर्टांवर खेळाडू हातभर अंतरावर असतात.

आणि विम्बल्डनचं खरं रिसेल आतच आहे. लवकर निघणारे प्रेक्षक आपली मुख्य कोर्टाची तिकिटं परत देतात, आणि आत असलेल्यांना ती दहा-पंधरा पौंडांत मिळतात. नंबर ॲपवर लावायचा. १९५४पासून ही पद्धत चालू आहे आणि पैसे दानधर्माला जातात. जूनअखेर इथे नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे सहा वाजता सेंटर कोर्टात बसलात तरी एखादा पूर्ण सामना सहज मिळतो.

ज्यांनी आधीच रिसेलवर घेतलंय, त्यांनी आजच विक्रेत्याला लिहून आसनांची ओळ, आसन क्रमांक, मूळ किंमत आणि तिकिटावरचे निर्बंध विचारावेत. २०१५च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे ही माहिती देणं त्याला बंधनकारक आहे. उत्तर टाळलं किंवा त्यात डिबेंचर हा शब्द आला नाही, तर पाहुणे विमानात बसण्याआधी पैसे परत मागा आणि कार्डाने दिले असतील तर बँकेलाही कळवा.